न उघडलेल्या एअरबॅगची नोंद आमच्या हाती द्या

प्रति,
भारतात मोटारी बनवणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक, सुरक्षा अभियंते आणि ग्राहक सेवा विभागाचे प्रमुख यांस,



गेल्या जानेवारीत, ऊसतोडणीचा हंगाम भरात असताना, माझ्या धाकट्या भावाची गाडी भुईंजच्या अलीकडे उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. रात्रीचे साडेदहा वाजले होते. तो आणि माझी भावजय पुण्याहून साताऱ्याला घरी येत होते. ट्रॉलीच्या मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, उसाची टोके हात-हातभर बाहेर आलेली होती. गाडीचे बॉनेट ट्रॉलीखाली घुसले, पुढची काच फुटली आणि उसाच्या कांड्या डॅशबोर्डपर्यंत आत आल्या. दोघांनीही सीटबेल्ट लावले होते, म्हणून दोघे आज आहेत. पण स्टिअरिंग तोंडावर आणि छातीवर बसून भावाचा जबडा दोन ठिकाणी मोडला, तीन बरगड्या मोडल्या. भावजयीच्या उजव्या मनगटाचा चुरा झाला. स्टिअरिंगवर आणि डॅशबोर्डवर कोरलेली ‘एअरबॅग’ ही अक्षरे मात्र जशीच्या तशी होती. गाडीतली एकही एअरबॅग उघडली नव्हती.

भावाचा जबडा तारांनी बांधलेला होता, त्याला बोलता येत नव्हते. तिसऱ्या दिवशी त्याने खुणेने कागद मागितला आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले, ‘ताई, बॅग का उघडली नाही?’ क्षणभर मला वाटले, तो कपड्यांच्या बॅगेबद्दल विचारतो आहे.

मी तेहेतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. मुलाने ‘का’ असे विचारले की उत्तर द्यायचे, येत नसेल तर शोधून दुसऱ्या दिवशी द्यायचे, ही माझी जन्माची सवय. भावाच्या या प्रश्नाचे उत्तर मला आठ महिने उलटले तरी देता आलेले नाही. ते तुमच्यापैकी एका कंपनीकडे आहे. तिचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण दोष कोणाचा हे मला ठाऊक नाही. आणि ते मला कळू दिले जात नाही, हेच माझे गाऱ्हाणे आहे. शिवाय मी ज्यांच्याशी बोलले त्या इतर मोटारमालकांचे अनुभव ऐकल्यावर हे एका कंपनीचे वागणे आहे असे वाटत नाही. म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना.

अपघातानंतर गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या मागच्या आवारात उभी होती. आमच्या तक्रारीवरून कंपनीने एक तंत्रज्ञ पाठवला. पंचविशीचा, शांत स्वभावाचा मुलगा होता. त्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर जोडली आणि वीसेक मिनिटे लॅपटॉपवर काम केले. मी त्याच्या मागेच उभी होते. पडद्यावर आकड्यांचे रकाने उमटले. मी विचारले, “बाळ, आदळताना वेग किती दिसतोय?” तो म्हणाला, “मॅडम, हे इंटर्नल असतं,” आणि त्याने लॅपटॉप मिटला. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला तसेच सांगून पाठवलेले असणार.

सात आठवड्यांनी पत्र आले. वाहनाच्या तपासणीत एअरबॅग प्रणालीत कोणताही दोष आढळला नाही, आघाताचे स्वरूप एअरबॅग उघडण्याच्या निकषांत बसत नव्हते, अशा अर्थाची दोन वाक्ये होती. मी उलट लिहिले की निकष कोणते, आघात किती नोंदला गेला आणि किती व्हायला हवा होता, एवढे कृपया कळवावे. तीनदा लिहिले, त्यात एकदा रजिस्टर्ड पोस्टाने. शेवटी एवढेच कळवण्यात आले की ही माहिती कंपनीची गोपनीय माहिती आहे.

मधल्या काळात विमा कंपनीने गाडी ‘टोटल लॉस’ ठरवली. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की तसे ठरवतात. भाऊ अंथरुणावर, भावजयीचा हात प्लास्टरमध्ये, दवाखान्याची बिले समोर. आम्ही जिथे सांगितले तिथे सह्या केल्या. भंगाराच्या बोलीत गाडी गेली आणि क्रेनने उचलून नेली. तिच्या मधल्या कन्सोलखाली बसवलेला एक लहानसा डबाही तिच्याबरोबर गेला. त्या डब्याचे महत्त्व तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नाही. विम्याच्या सर्व्हेअरने नाही, सर्व्हिस सेंटरने नाही, तुम्ही तर नाहीच.

हे पत्र वाचणाऱ्या इतर मोटारमालकांसाठी त्या डब्याविषयी थोडे लिहिते. तो डबा म्हणजे एअरबॅगचा नियंत्रक, आणि तिचा सगळा निर्णय त्याच्याकडेच असतो. त्याच्या आत मंदन मोजणारे संवेदक असतात, आणखी काही गाडीच्या पुढच्या भागात बसवलेले असतात. गाडी आदळली की वेग किती झपाट्याने उतरतो आहे हे तो सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतो. आघात गंभीर आहे असे ठरले की तो एक विजेचा झटका सोडतो, स्टिअरिंगमधले रसायन पेटते, वायू तयार होतो आणि पिशवी भरते. आदळल्यापासून निर्णयाला सेकंदाचे पंधरा ते वीस हजारांश लागतात आणि पिशवी भरायला साधारण तीस. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. आजच्या बहुतेक नियंत्रकांत आघाताची नोंदही राहते. आदळण्यापूर्वीच्या काही सेकंदांतला वेग, ब्रेक दाबला होता का, बेल्ट लावला होता का, मंदन किती झाले, कोणत्या उपकरणाला आदेश गेला, असा तपशील त्यात असू शकतो. विमानाच्या ब्लॅक बॉक्सचे हे धाकटे भावंड आहे.

एअरबॅगवर माझा अविश्वास नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजानुसार १९८७ ते २०१७ या काळात समोरच्या एअरबॅगांनी त्या देशात ५० हजारांहून अधिक जीव वाचवले. एअरबॅग उघडली नाही म्हणजे बिघाडच झाला, असेही मी म्हणणार नाही. गाडीला मागून धडक बसली तर समोरची एअरबॅग उघडायची नसते. गाडी कोलांटी खाऊन उलटली तर समोरून पुरेसा आघात न झाल्याने ती मिटलेलीच राहू शकते. ठोस भिंतीवर सरळ आदळल्यास, बेल्ट न लावलेल्यांसाठी साधारण ताशी १६ ते १९ किलोमीटर आणि बेल्ट लावलेल्यांसाठी साधारण २५ किलोमीटरच्या आसपास ती उघडावी अशी रचना अनेक गाड्यांत असते. ट्रॉलीखाली बॉनेट घुसणे हा तर या यंत्रणेला चकवणारा प्रकार आहे. पुढची मजबूत आडवी दांडी कशालाच भिडत नाही, पत्रा चोळामोळा होत गाडी आत सरकत राहते, आणि नियंत्रकाला जे मंदन जाणवते ते भिंतीवरच्या आघातापेक्षा फार वेगळे असते.

तेव्हा त्या रात्री एअरबॅगने उघडायचे नाही हे बरोबरच ठरवले असेल, हे शक्य आहे. स्टिअरिंगमधल्या एअरबॅगला वीज पोचवणारी क्लॉक स्प्रिंग आतून तुटलेली असेल, एखादा कनेक्टर सैल असेल, नियंत्रकाचा आदेश वाटेतच हरवला असेल, हेही तितकेच शक्य आहे. या दोन शक्यतांमध्ये एका माणसाचा जबडा आणि तुमची जबाबदारी आहे.

मी फळ्यावर मांडायचे तसे गणित मांडून पाहिले. भाऊ म्हणतो, वेग सत्तरच्या आसपास होता. ताशी ७० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १९.४ मीटर. गाडी सव्वा मीटरच्या आत थांबली असे धरले तर सरासरी मंदन गुरुत्वाकर्षणाच्या पंधरा पटींहून अधिक येते. एवढ्या आघाताला एअरबॅग उघडायलाच हवी, असे कोणीही म्हणेल. पण शेवटच्या क्षणी ब्रेक लागून वेग चाळीसवर आला असेल तर? मंदन वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे उत्तर एकदम तिसऱ्या हिश्श्यावर येते. धडकेने ट्रॉली पुढे ढकलली गेली असेल तर ते आणखी कमी. बॉनेट सव्वाऐवजी अडीच मीटर आत घुसले असेल तर त्याचेही निम्मे. प्रत्येक ‘असेल तर’चा आकडा त्या डब्यात होता. तो मला मिळाला असता तर मी एका संध्याकाळी उत्तर काढले असते, आणि ते कंपनीच्या बाजूने निघाले असते तरी मान्य केले असते.

आणखी एक गोष्ट आमच्या ओळखीच्या मेकॅनिकने दाखवली. गाडी नेण्यापूर्वी तो पाहायला आला होता. ड्रायव्हरच्या बेल्टचा पट्टा ओढलेल्या अवस्थेत घट्ट अडकला होता, आत जात नव्हता आणि बाहेरही येत नव्हता. तो म्हणाला, “बेल्टचा प्रीटेन्शनर उडालाय, ताई. म्हणजे डबा जागा होता.” अनेक गाड्यांत बेल्ट आवळून धरणाऱ्या या उपकरणालाही तोच नियंत्रक आदेश देतो, आणि काहींत त्यासाठी लागणारा आघात एअरबॅगपेक्षा कमी ठेवलेला असतो. म्हणजे मेकॅनिकचे म्हणणे खरे असेल तर नियंत्रकाने आघात ओळखला होता, एक आदेश दिला होता आणि दुसरा दिला नव्हता, किंवा दिला असूनही तो पोचला नव्हता. तपासणीतला हा सर्वांत मोलाचा धागा. तुमच्या दोन वाक्यांच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही.

ग्राहकाला एवढे कळावे अशी अपेक्षाच नाही, असे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. दिल्ली-पानिपत महामार्गावर नोव्हेंबर २०१७ मध्ये एका ह्युंदाई क्रेटाला अपघात झाला, एअरबॅग उघडल्या नाहीत आणि मालक जबर जखमी झाला. आघात एअरबॅग उघडण्याइतका होता हे तज्ज्ञाच्या पुराव्याने सिद्ध झालेले नाही, असा बचाव कंपनीने घेतला. दिल्लीच्या राज्य ग्राहक आयोगाने आणि नंतर राष्ट्रीय आयोगाने तो मानला नाही. २० एप्रिल २०२२ रोजी न्यायमूर्ती विनीत सरण आणि न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस यांच्या पीठाने कंपनीचे अपील फेटाळले. वेग आणि बल यांच्या सिद्धांतांवरून धडकेच्या आघाताचे गणित करायला ग्राहक भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, अशा आशयाचे निरीक्षण त्या निकालात आहे. साधारण विवेकी ग्राहक जी सुरक्षा गृहीत धरून गाडी घेतो ती एअरबॅगने दिली नाही तर कंपनीला जरब बसेल अशी दंडात्मक भरपाई लागू शकते, असेही न्यायालयाने नोंदवले.

हा निकाल वाचून मला फार धीर आला. मग मनात आले, मी तर भौतिकशास्त्राची शिक्षिका आहे. माझ्याकडे सूत्रे आहेत, गणित आहे, वेळही आहे. तरी मला उत्तर काढता येत नाही, कारण आकडे तुम्ही लॅपटॉपमध्ये मिटून नेले. आणि त्या क्रेटाच्या मालकाला अपघातापासून शेवटच्या निकालापर्यंत साडेचार वर्षे लागली, हेही विसरता येत नाही.

‘आमच्या प्रणालीत दोष असूच शकत नाही’ हा आत्मविश्वास तुमच्या पत्रांतून वाचताना मला अमेरिकेतल्या जनरल मोटर्सची आठवण होते. सुरक्षा विभागात नव्याने येणाऱ्या प्रत्येक अभियंत्याला तुम्ही ती हकिगत शिकवावी, अशी माझी मनापासून विनंती आहे.

शेवरोले कोबाल्ट आणि सॅटर्न आयन या त्यांच्या लहान मोटारी. किल्ली फिरवायच्या स्विचमधली स्प्रिंग कमजोर होती. किल्लीला जड जुडगा लटकत असला, गुडघ्याचा धक्का लागला किंवा रस्ता खडबडीत असला की चालत्या गाडीत स्विच मागे सरकायचा. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद आणि त्याबरोबर एअरबॅगही बंद. मग आदळली तरी ती उघडणार कुठून? कंपनीच्या अभियंत्यांना स्विच सरकतो हे २००४-०५ मध्येच माहीत झाले होते. पण गाडी मध्येच बंद पडणे ही त्यांनी ‘ग्राहकाची गैरसोय’ या सदरात टाकली, सुरक्षेच्या सदरात नाही. दुरुस्तीचा खर्च आणि वेळ यांचा हिशेब करून विषय बाजूला ठेवला. २०१४ मध्ये अमेरिकी संसदेच्या चौकशीत सुट्या भागाची किंमत निघाली ती ५७ सेंट.

त्याहून वाईट पुढे आहे. २००६ मध्ये स्विचमधला भाग गुपचूप बदलला गेला, पण त्याचा क्रमांक तोच ठेवला. त्यामुळे आधीच्या गाड्यांत एअरबॅग का उघडत नाहीत आणि नंतरच्यांत का उघडतात, हे कंपनीच्याच तपासनीसांना वर्षानुवर्षे उमगले नाही. विस्कॉन्सिन राज्याच्या पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याने मात्र एका अपघाताचा तपास करून २००७ मध्येच लिहून ठेवले होते की किल्ली मागे सरकलेली होती आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. तो अहवाल कंपनीच्या फायलींत पडून राहिला. अखेर जॉर्जियात अपघातात गेलेल्या एका तरुण परिचारिकेच्या आईवडिलांनी वकील लावला आणि त्या वकिलाने नेमलेल्या अभियंत्याने जुना आणि नवा स्विच उघडून शेजारी शेजारी ठेवला. आतला एक लहानसा तुकडा लांबीला वेगळा निघाला. फेब्रुवारी २०१४ मध्ये रिकॉल सुरू झाले आणि ते २६ लाख गाड्यांपर्यंत गेले. कंपनीनेच उभारलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले मान्य केले. २०१५ मध्ये कंपनीने ९० कोटी डॉलर भरून सरकारशी तडजोड केली.

त्यातल्या प्रत्येक कुटुंबाला आपला अपघात एकट्याचाच वाटत होता. कोणी म्हणाले असेल वेग जास्त होता, कोणी म्हणाले असेल रस्ता ओला होता. हे सगळे अपघात एका ओळीत मांडून पाहणे फक्त कंपनीला शक्य होते. आमच्या बाबतीतही तेच आहे. माझ्या भावाच्या मॉडेलच्या आणखी किती गाड्यांत बेल्ट आवळला आणि बॅग मिटलेली राहिली, हे मला कधीच कळणार नाही. तुम्हाला आज दुपारी कळू शकते.

आणि दोष निघतात. टोयोटाने जानेवारी २०२० मध्ये जगभरातल्या ३४ लाख गाड्या परत बोलावल्या, कारण नियंत्रकाला विजेच्या गोंधळापासून पुरेसे संरक्षण नव्हते आणि धडकेत एअरबॅग न उघडण्याचा धोका होता. आपल्याकडे मारुती सुझुकीने जानेवारी २०२३ मध्ये १७,३६२ गाड्या एअरबॅग नियंत्रकाच्या तपासणीसाठी बोलावल्या. त्या महिन्याभरात बनलेल्या गाड्या होत्या, आणि कंपनीने नियंत्रक बदलून होईपर्यंत गाडी न वापरण्याचा सल्ला मालकांना दिला. याला मी कमीपणा मानत नाही. उलट, अशी कंपनी मला अधिक विश्वासाची वाटते. 

आता माझ्या विनंत्या. पहिलीवर माझा सर्वांत जास्त भर आहे.

अपघातानंतर नियंत्रकातून काढलेली संपूर्ण नोंद, आकड्यांसह, मालकाला द्या. महिन्याभरात द्या, फुकट द्या, आणि सोबत साध्या मराठीत किंवा मालकाच्या भाषेत त्याचा अर्थ द्या. अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने ही नोंद गाडीच्या मालकाची आहे असे ठरवले. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत असे नोंदयंत्र सक्तीचे केले. तुमच्यापैकी बहुतेकांच्या गाड्या त्या बाजारांत विकल्या जातात, किंवा तुमची पालक कंपनी तिथे विकते. तिथल्या मालकाला जे मिळते ते भुईंजच्या अपघातातल्या मालकाला का मिळू नये? गाडी आमची, हप्ते आमचे, हाडे आमची, आणि त्या काही सेकंदांची नोंद तेवढी तुमची, हे न्यायाला धरून नाही.

ही नोंद वाचेपर्यंत आणि मालकाचे समाधान होईपर्यंत नियंत्रक भंगारात जाऊ देऊ नका. विमा कंपन्यांशी बोलून एवढी एक पद्धत घालून द्या की एअरबॅगची तक्रार असलेल्या गाडीतला तो डबा सीलबंद करून मालकाच्या ताब्यात ठेवायचा. ग्राहक आयोगात दाद मागायला कायद्याने दोन वर्षांची मुदत आहे. पुरावा दोन महिन्यांत वितळून गेला तर ती मुदत काय कामाची? ज्या वाचकांवर ही वेळ येईल त्यांनाही हात जोडून सांगते, टोटल लॉसच्या कागदावर सही करण्यापूर्वी गाडीचे सर्व बाजूंनी फोटो काढा, बेल्टचे फोटो काढा आणि नियंत्रक राखून ठेवण्याची लेखी मागणी करा.

सर्व्हिस सेंटरमध्ये एअरबॅगचा दिवा ज्या पद्धतीने विझवला जातो ती पद्धत थांबवा. मीटरवर तो लाल दिवा पेटून राहतो तेव्हा प्रणालीने स्वतःच दोष कबूल केलेला असतो आणि एअरबॅग कदाचित उघडणार नाही असे ती सांगत असते. मालक गाडी घेऊन जातो, स्कॅनर लागतो, कोड पुसला जातो, दिवा जातो, आणि जॉबकार्डवर लिहिले जाते ‘चेक केले, ओके’. कोणता कोड होता, तो कशामुळे आला, काय बदलले, हे लिहिल्याशिवाय तो पुसता येऊ नये. भावाच्या गाडीचा दिवा अपघातापूर्वी चार महिने एकदा लागला होता. जॉबकार्डवर ‘ओके’ आहे.

तुमच्याच शोरूममधल्या ॲक्सेसरीज काउंटरकडेही एकदा पाहा. गाडीपुढे लोखंडी बुलबार लावायला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच मनाई केली. त्याने आघात थेट चेसिसवर जातो आणि संवेदकांचा हिशेब बिघडतो. तरी ते लोखंड आजही गाड्यांवर दिसते. ज्या सीटच्या कडेला एअरबॅग शिवलेली आहे तिच्यावर जाड रेक्झिनचे कव्हर चढवून देणाराही कित्येकदा तुमचाच विक्रेता असतो. बेल्टचा अलार्म गप्प करणाऱ्या क्लिपा विकल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ॲमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या संकेतस्थळांना आदेश दिले आणि हजारो जाहिराती काढायला लावल्या. मे २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी नामांकित कंपन्यांच्या नावाने बनवलेल्या शेकडो बनावट एअरबॅगा पकडल्या. अपघातानंतर दुरुस्त केलेल्या, जुन्या बाजारातून घेतलेल्या गाडीत यातली एखादी बसवलेली असेल तर मालकाला ते कसे समजणार? एअरबॅगचा क्रमांक टाकून ती अस्सल आहे की नाही हे कोणालाही तपासता येईल, अशी सोय तुम्ही करू शकता.

गाडी हातात देतानाचा सोहळा मी अनेकदा पाहिला आहे. हार, पेढे, नारळ, फोटो. त्या आनंदात पाच मिनिटे काढून समोरच्या माणसाला सांगा की एअरबॅग बेल्टच्या जोडीला आहे, बेल्टच्या जागी नाही. ती कोणत्या धडकेत उघडते, कोणत्या धडकेत नाही, हे सांगा. तान्ह्या मुलाला पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसू नये, हे सांगा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला तेव्हा मागच्या सीटवरच्या बेल्टची देशभर चर्चा झाली, आणि थोड्याच दिवसांत ती विरली. सरकारी अहवालानुसार त्या एका वर्षात बेल्ट न लावलेली १६,७१५ माणसे रस्त्यांवर मेली. सहा एअरबॅगांच्या सक्तीचा मसुदा त्याच वर्षी जानेवारीत आला, मग वर्षभर पुढे ढकलला गेला, आणि २०२३ मध्ये सक्ती नको असे ठरले. आता जाहिरातीत बॅगांची संख्या मोठ्या अक्षरांत असते. दोन असोत की सहा, त्या वेळेला उघडतील याची खात्री आणि न उघडल्यास खरे कारण, एवढेच ग्राहकाला हवे आहे.

सरकारकडेही मागणे आहे, ते येथेच लिहिते, कारण त्याला तुमचा पाठिंबा हवा. सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आला आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्यात विक्रीच्या प्रमाणात ठरावीक संख्येने तक्रारी याव्या लागतात. पण एअरबॅगची तक्रार तर मुळात ‘दोष नाही’ असा शेरा मारून तुमच्याच दारात संपते, मग ती संख्या भरणार कधी? एअरबॅग न उघडता गंभीर दुखापत झाली, अशा प्रत्येक घटनेची नोंद कंपनीने मंत्रालयाला सक्तीने कळवावी. नियंत्रक वाचण्याचे काम कंपनीच्या माणसाकडे न ठेवता तिऱ्हाईत संस्थेकडे द्यावे. पुण्यात ‘एआरएआय’सारखी जाणकार संस्था आहे, तिथे गाड्या भिंतीवर आदळवून पाहणारे अभियंते आहेत. प्रयोगशाळेत आदळलेल्या गाडीचा प्रत्येक हजारांश सेकंद ते अभ्यासतात. रस्त्यावर आदळलेल्या गाडीलाही तेवढाच मान मिळावा.

भाऊ आता बरा आहे. कडक पदार्थ अजून नीट चावता येत नाहीत. भावजयीला पोळी लाटताना मनगट दुखते. त्याने नवी गाडी घेतलेली नाही, एसटीने जातो-येतो. कोर्टात जायचे की नाही हे आम्ही ठरवलेले नाही. मला भरपाईपेक्षा त्या कागदावरच्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे. तो कागद मी जपून ठेवला आहे.

आमचा डबा भंगारात गेला. पण त्या दुपारी तुमच्या तंत्रज्ञाने जे रकाने उतरवून घेतले ते तुमच्या संगणकात असतील. ज्या कंपनीची ती गाडी होती तिला माझी तक्रार आणि पत्ता दोन्ही ठाऊक आहेत. ती नोंद आम्हाला पाठवा.

कळावे,
आपली,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षिका
सातारा